घोड्यावरचं बोट

"...मग अप्पा, तुम्हीच सांगा. जावं का हिनं?"

अप्पांनी मान वर केली नाही. भरतेशच्या रिमोटवरच्या छोट्या गाडीचं पुढचं चाक बोटानं फिरवून ते बघत होते.

"कुठं?"

"मिरजेला. दवाखान्यात. एक्स-रे काढायची नोकरी आलीय हिला."

"हिला म्हणजे?"

"त्रिशलाला."

"ती बसलीय नव्हं इथंच?"

"बसलीय की."

"मग ठीक."

एवढं म्हणून अप्पा परत चाक फिरवायला लागले. ठीक काय, ते आम्हा दोघांनाही कळलं नाही.

उद्या सकाळी मला दवाखान्यात हो किंवा नाही कळवायचं होतं. घरात या विषयावर कुणी हो म्हणालं नव्हतं आणि कुणी नाहीही म्हणालं नव्हतं. सासूबाई म्हणाल्या, भरतेश ठरवेल. भरतेश म्हणाला, अप्पांना विचारू, ते सांगतील ते दोघांनी ऐकायचं. कबूल?

मी कबूल म्हणाले होते. नव्या सुनेला एवढा एक शब्द बरेच दिवस पुरतो.

अप्पा मगदूम आमच्या नात्यातले नव्हेत. आयटीआयमध्ये शिकवायचे. निवृत्त झाल्यावर त्यांनी थोरल्या भावाच्या बंद पडलेल्या मागाच्या शेडमध्ये टेबल मांडलं आणि रिमोटवर पळणाऱ्या छोट्या गाड्या दुरुस्त करायला लागले. इचलकरंजीत ज्याला असली गाडी पळवायची असते, त्याला कधी ना कधी या शेडची पायरी चढावी लागते. लग्नाआधी मला वाटायचं, हा पोरांचा खेळ असेल. मोठ्या माणसांचा आहे, आणि त्यात हसायचं नसतं, हे नंतर समजलं.

भरतेश अप्पांचाच शिष्य. मागच्या वर्षी कोल्हापूरला त्यानं शर्यत जिंकली. तो कप आमच्या टीव्हीशेजारी असतो. लग्नाचा फोटो कपाच्या मागं आहे.

"नवा रेडिओ आणलास म्हणं," अप्पा म्हणाले.

हातातला रिमोट आणि गाडीत बसवायचा रिसीव्हर, या जोडीला ही मंडळी रेडिओ म्हणतात. त्यावर गाणी लागत नाहीत.

"आणलाय की! जुन्याचं लांबून ऐकू यायचं नाही गाडीला. याची रेंज बघा अप्पा, मैदानाच्या त्या टोकाला गाडी गेली तरी माझ्या हातात!"

"जोड बघू."

"आणि हिचं?"

"आधी जोड. मग सांगतो."

भरतेशनं माझ्याकडं बघून डोळे मिचकावले. अप्पा सांगणार म्हणजे त्याच्या मनासारखं सांगणार, याची त्याला खात्री होती. मलाही होती.

त्यानं गाडी लाकडी ठोकळ्यावर ठेवली, चाकं अधांतरी. मोटारीची वायर काढून बाजूला केली. जोडणी होईपर्यंत मोटार तोडून ठेवायची, ही अप्पांच्या शेडमधली शिस्त. हात चालू होते आणि तोंडही.

"अडचण नोकरीची नाही अप्पा. मी काय जुन्या वळणाचा नव्हे. पण त्या एक्स-रेच्या खोलीला शिशाचे पत्रे मारलेले असतात. आत फोन लागत नाही. ही शिकायला जायची ना, तेव्हा बघितलंय मी. करतोय फोन, करतोय फोन... पत्ताच नाही."

"अहो, मी आत पेशंटबरोबर असायचे," मी म्हणाले. घरी मी त्याला भरतेश म्हणते. अप्पांसमोर अहो.

"तेच सांगतोय मी!"

"फोन लागला नाही तर काय होतं?" अप्पांनी विचारलं.

"काय होतं म्हणजे... काळजी वाटते."

"कुणाची?"

भरतेश हसला. अप्पा हसले नाहीत.

रिसीव्हरवर एक बारीक बटण होतं. ते दाबून धरायचं, रिमोट चालू करायचा, आणि दोघांची ओळख पटेपर्यंत गप्प बसायचं. तांबडा दिवा लुकलुकत राहतो. ओळख पटली की स्थिर होतो.

गप्प बसणं भरतेशला जमत नाही. लिफ्टचं बटण तो लिफ्ट येईपर्यंत दाबत राहतो. हा रिमोट पिस्तुलासारखा असतो, त्याला खाली घोडा असतो. घोडा दाबला की गाडी पळते, सोडला की थांबते. दिवा लुकलुकत होता तेवढा वेळ त्यानं घोडा दाबूनच ठेवला होता. मोटार तोडलेली, त्यामुळं चाकं हलली नाहीत.

दिवा स्थिर झाला.

"झालं! एका दमात."

अप्पांनी त्याच्या बोटाकडं बघितलं होतं. मीही. अप्पा काही बोलले नाहीत, म्हणून मीही नाही.

मग गाडी वळवायचं रिमोटवरचं गोल चाक त्यानं सोडलं, तरी गाडीची पुढची चाकं जराशी उजवीकडं बघत राहिली. भरतेश रिमोटवरचं बटण टकटक दाबायला लागला.

"काय चाललंय?"

"सरळ करतोय."

"वाकडं कोण आहे? गाडी की रिमोट?"

"गाडी."

"मग हात कुठं आहेत तुझे?"

भरतेशनं रिमोट ठेवला. स्क्रू ड्रायव्हर घेतला. चाकं ज्या लहान मोटारीनं वळतात तिला सर्व्हो म्हणतात. तिचा दांडा एक दाता चुकून बसला होता. तो काढून परत बसवायला त्याला बराच वेळ लागला, आणि तेवढा वेळ तो नाकातून श्वास सोडत होता.

"रिमोटवरनं दोन सेकंदांत झालं असतं," तो म्हणाला.

"झालं असतं."

अप्पा उठून स्टोव्हकडं गेले. चहाचं आधण ठेवलं. साखरेच्या डब्यात मुंग्या होत्या. त्यांनी त्या फुंकून काढल्या आणि साखर टाकली.

"काकी असत्या तर चहा तरी बरा मिळाला असता," भरतेश म्हणाला. "अजून हुबळीलाच?"

"लेकीकडं."

"लई दिवस झाले की. बोलवून घ्या."

"बोलवतो," अप्पा म्हणाले. "रोज."

चहा उतू जायच्या बेतात आला तेव्हा त्यांनी स्टोव्ह बंद केला.

चहा घेता घेता भरतेशनं गोल चाक शेवटपर्यंत डावीकडं फिरवलं आणि धरून ठेवलं. गाडीची चाकं पुरती वळली. सर्व्होतून आवाज यायला लागला. बारीक, एकसारखा, डास कानाशी आल्यासारखा.

"ऐकलंस?" अप्पा म्हणाले.

"जोर बघा की तिचा!"

"जोर नव्हे तो. चाकं पोचलीत. पुढं जागा नाही. तू अजून ढकलतोयस."

भरतेशनं चाक सोडलं. आवाज थांबला.

"बरेच जण याला जोर समजतात," अप्पा म्हणाले. मग कपात बघत, "मीबी समजायचो..."

"असं किती दिवस चालतं, अप्पा?" मी विचारलं.

"चालतं की. पुष्कळ दिवस. मग एकदा जळका वास येतो."

"किती वळायचं त्याची हद्द घालतो रिमोटमध्ये," भरतेश घाईनं म्हणाला. "मला माहीत आहे ते." आणि त्यानं ती घातली. चांगली घातली. हाताला कसब आहे त्याच्या, हे मी नाकारत नाही.

"झालं अप्पा. आता सांगा हिचं."

"पळवून तरी दाखव."

शेडसमोर काँक्रीटचं मोठं अंगण आहे. पूर्वी तिथं सुताच्या गाठी उतरायच्या. आता सगळं रिकामं. अप्पांनी मोटारीची वायर जोडून दिली आणि मला म्हणाले, "पोरी, तू तिकडं भिंतीजवळ जाऊन उभी राहा. तिथपर्यंत हाक पोचते का बघू."

मी जाऊन उभी राहिले. भिंत पाठीशी, ऊन तोंडावर.

गाडी सुरेख पळत होती. उगाच कशाला खोटं सांगू. पाण्यातल्या मासोळीसारखी वळायची. भरतेशचं तोंड उजळलं होतं. लग्नातसुद्धा ते इतकं उजळलेलं मी बघितलं नव्हतं. मग तो गाडी थेट माझ्यावर आणायला लागला. पायाशी आली की शेवटच्या क्षणी वळवायची.

मी एकदा पाय मागं घेतला.

"घाबरली बघा अप्पा!" तो तिकडून ओरडला. "अगं हलू नकोस! वळवतो की मी. माझ्यावर भरवसा नाही व्हय?"

मी हलले नाही. गाडी परत आली, परत वळली. माझ्या चपलेवर धूळ उडाली.

"ऐकते का?" अप्पांनी विचारलं. ते त्याच्या शेजारीच उभे होते.

"शब्द खाली पडू देत नाही!"

गाडी परत माझ्याकडं निघाली.

अप्पांनी हात लांब केला आणि त्याच्या हातातल्या रिमोटचा खटका बंद केला.

वेळ त्यांनी मुद्दाम साधली की नाही, हे मी अजून ठरवलेलं नाही.

गाडी थांबली नाही. तिचा वेग वाढला. चाकं सरळ झाली आणि ती जिकडं तोंड होतं तिकडंच सुटली. तोंड माझ्याकडं होतं.

"वळ... वळ... अप्पा, हे काय केलंत! धर! त्रिशला, धर तिला!"

मी बाजूला झाले.

गाडी भिंतीवर आपटली. प्लास्टिक फुटल्याचा आवाज झाला. ती उलटी पडली आणि तशीच, पाठीवर, चाकं भिरभिरत राहिली. कुणी काही सांगत नव्हतं तरी भिरभिरत राहिली.

अप्पा सावकाश चालत आले आणि त्यांनी बॅटरीची वायर उपसली. तेव्हा ती निपचित झाली.

भरतेश पळत आला. गुडघ्यावर बसला. पुढच्या चाकाचा दांडा मोडला होता, वरचं कवच चिरलं होतं. त्यानं गाडी दोन्ही हातांनी उचलली, पडलेलं मूल उचलावं तशी.

मग माझ्याकडं बघितलं.

"तुला धरता येत नव्हती?"

पायाशी पडलेला एक तुकडा मी उचलला.

"हलू नकोस म्हणालो. धर म्हणालो. दोन्हीतलं एक तरी ऐकायचं!"

दोन्ही एकदम कसं ऐकायचं, हे मी त्याला विचारलं नाही. तो खरंच रडवेला झाला होता.

"रिसीव्हरच खराब दिलाय," तो अप्पांना म्हणाला. "रिमोट बंद झाला की गाडी जागेवर थांबली पाहिजे. फेलसेफ असतं त्यात."

"असतं."

"मग?"

"ज्याचं त्यानं भरायचं असतं. जोडणी होताना बोट कुठं होतं तुझं?"

भरतेश आठवायला लागला. आठवलं तसं त्यानं स्वतःच्या बोटाकडं बघितलं.

"घोड्यावर..."

"दाबून?"

"...हो."

"हाक तुटली तर काय करायचं, हे ती तेव्हाच एकदा शिकून घेते. बोट मोकळं असतं तर थांबायचं शिकली असती."

"तुम्ही बघितलं होतंत?"

"बघितलं."

"मग तेव्हाच का नाही सांगितलंत?"

"तू रेंज सांगत होतास."

भरतेश उठला. पँटीवरची धूळ झटकली. गाडी अंगणाच्या कट्ट्यावर ठेवली, तुटका दांडा तिच्यावर ठेवला. शेजारच्या गल्लीत कुणाचे तरी माग चालू होते, त्यांचा खडखडाट तेवढा येत होता.

"जाऊ दे," तो शेवटी म्हणाला. आवाज कोरडा होता. "गाडी माझी मी बघतो. तुम्ही हिचं सांगा. आमचं ठरलंय, अप्पा सांगतील ते. हो किंवा नाही. एक शब्द."

"रिमोट दे."

त्यानं दिला. अप्पांनी रिमोटचं मागचं झाकण सरकवलं, आतले सेल काढले आणि सदऱ्याच्या खिशात टाकले. झाकण नीट बसवलं. रिकामा रिमोट परत त्याच्या हातात ठेवला.

"सांग तिला."

"काय?"

"जा किंवा जाऊ नको. तुला जे सांगायचं असेल ते."

भरतेश रिमोटकडं बघत राहिला. त्याचं बोट सवयीनं घोड्यावर गेलं होतं. ते लक्षात आल्यावर त्यानं बोट असं काढलं की जणू घोडा तापला होता.

"थट्टा करताय अप्पा तुम्ही माझी. हिच्यासमोर."

अप्पांनी खिशातले सेल चाचपले.

"इतकी वर्षं येतोय तुमच्याकडं. एक शब्द मागितला तर..." त्यानं रिमोट कट्ट्यावर ठेवला, जरा आपटूनच. "मी गाडी काढतो. ये तू."

तो फाटकाकडं गेला. मोटारसायकल चालू झाल्याचा आवाज आला. मग नुसताच फुर्रफुर्र वाजत राहिला. हॉर्न एकदा वाजला.

अंगणात अप्पा आणि मी.

मला काय वाटलं, ते लिहायला लाज वाटते आहे, पण लिहिते. मला वाटलं, अप्पा माझ्या बाजूचे झाले. मघापासून मी भिंतीला चिकटून उभी होते ती एकदम ताठ झाले. आता हा म्हातारा एक शब्द बोलेल, आणि तो शब्द मी घरी घेऊन जाईन. सासूबाईंना सांगेन, अप्पा म्हणाले. भरतेशला सांगेन, अप्पा म्हणाले ना, तुझंच कबूल होतं. उद्या सकाळी दवाखान्यात फोन करेन, तोही अप्पांच्या नावावर.

हॉर्न परत वाजला.

मी ओढणी सावरली. वाकून त्यांच्या पायांना हात लावला.

"मग अप्पा... मी जाऊ ना?"

अप्पा भिंतीजवळ पडलेले प्लास्टिकचे तुकडे गोळा करत होते. ते थांबले. दुपारभरात पहिल्यांदा त्यांनी नीट माझ्याकडं बघितलं. त्या बघण्यात माया नव्हती. मगाशी भरतेशच्या बोटाकडं बघितलं होतं, तसंच बघितलं.

"ती अंगावर आली, तेव्हा कुणाला विचारून बाजूला झालीस?"